उपनिधी आणि अर्धा आणा

राज्यसंस्था प्रजेची पत्रे मोबदला घेऊन वाहू लागते तेव्हा त्या मोबदल्याचे स्वरूप नेमके कोणते, हा प्रश्न वरकरणी हिशेबनिसाचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी धर्मविचारातला एक जुना पेच आहे. तो मोबदला सेवेचे मोल मानावा, तर राज्यसंस्था वाहतूक करणारा व्यापारी ठरते आणि माल हरवल्यास भरून देण्याची व्यापाऱ्याची जबाबदारी तिच्याकडे येते. तो कर मानावा, तर कोणाकडून घेतला आणि कोणाच्या हितासाठी खर्चला, हे तिला सांगावे लागते. आणि बंद लाखोटा परक्याच्या हाती देणे ही मूलतः विश्वासाची कृती आहे असे मानावे, तर त्या विश्वासाने वाहून नेणाऱ्यावर कोणती बंधने येतात, हे ठरवावे लागते. ब्रिटिश अमलातील भारतीय टपालखात्याने एका शतकाहून अधिक काळ या तिन्ही भूमिका आलटूनपालटून घेतल्या: वसुलीच्या वेळी ते व्यापारी होते, नुकसानीच्या वेळी सार्वभौम सत्ता होते आणि स्वतःच्या कामगिरीचा अहवाल लिहिताना लोकांचे विश्वस्त होते. त्याच्या जमाखर्चाचा इतिहास अर्थशास्त्राच्या पुस्तकांत आढळतो. त्या जमाखर्चातील नैतिक बाजू मात्र फारशी तपासली गेलेली नाही.

हा पेच समजून घेण्यासाठी पाश्चात्त्य कायद्याकडेच जावे लागते असे नाही. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने ताब्यात घेणे हा धर्मशास्त्राने वादाचा एक स्वतंत्र विषय मानला असून मनुस्मृतीने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे न्यायसभेत येणाऱ्या वादांच्या अठरा प्रकारांत, निक्षेपाचा समावेश आहे. निक्षेप म्हणजे मोजून, दाखवून सोपवलेली ठेव. तिच्याहून वेगळा असा एक प्रकार याज्ञवल्क्यस्मृतीने उपनिधी या नावाने सांगितला आहे. पेटीत किंवा अन्य आच्छादनात बंद करून, आत काय आहे हे न सांगता जे दुसऱ्याच्या हाती दिले जाते ते उपनिधी होय, आणि ते जसे घेतले तसेच, त्याच बंद अवस्थेत परत करणे हा घेणाऱ्याचा धर्म होय. राजाने नेले, दैवी आपत्तीने नष्ट झाले किंवा चोरांनी पळवले तर ठेव सांभाळणाऱ्याला दोष नाही. परंतु मागणी झाल्यावरही त्याने ते दिले नाही आणि त्यानंतर ते नाहीसे झाले, तर त्याने मूळ किंमत तर द्यावीच, शिवाय तितकाच दंडही द्यावा. बंद लाखोट्याच्या नैतिक स्वरूपाचे याहून नेमके वर्णन शोधणे कठीण आहे, कारण उपनिधीचा गाभा वस्तूच्या किमतीत नसून घेणाऱ्याच्या न जाणण्यात आहे.

तथापि ठेव सांभाळणारा आणि भाडे घेऊन ओझे वाहणारा यांत याज्ञवल्क्याने फरक केला आहे, आणि टपालाच्या दृष्टीने तो फरक निर्णायक ठरतो. भाडे घेणाऱ्या वाहकाला केवळ राजा आणि दैव या दोनच कारणांची सूट आहे. चोराचे नाव त्या सुटीतून गळले आहे. मोबदला घेतल्यावर वाटेतल्या चोराची काळजी घेणे हे वाहकाचे काम ठरते, असा त्यामागचा न्याय दिसतो. शिवाय ऐन प्रस्थानाच्या वेळी अडथळा आणणाऱ्या वाहकाने भाड्याच्या दुप्पट रक्कम द्यावी, असेही तेथे सांगितले आहे. याच स्मृतीने चोराने नेलेले द्रव्य राजाने प्रजेला भरून द्यावे असेही म्हटले आहे. गौतमधर्मसूत्रानेही वसूल न झालेल्या चोरीच्या मालाची भरपाई राजकोशातून करण्यास सांगितले आहे. कर हे रक्षणाचे वेतन असल्यामुळे रक्षण न झाल्यास वेतनाचा हक्कही क्षीण होतो, हा त्यामागचा विचार आहे. हे सारे ग्रंथांतच राहिलेले नियम होते असे म्हणता येत नाही, कारण याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा आणि नीलकंठाचा व्यवहारमयूख हे ग्रंथ मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत वारसा आणि दत्तकविधानाच्या वादांत प्रमाण मानले जात होते. ज्या काळात न्यायाधीश दत्तकपुत्राचा हिस्सा ठरवण्यासाठी मिताक्षरेची पाने उलटत होते, त्याच काळात टपालाचा कायदा त्याच ग्रंथातील वाहकाच्या नियमाच्या नेमका उलट रचला गेला.

स्मृतींचा आधार घेताना एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्या ग्रंथांनी उपनिधीची एवढी सूक्ष्म चिकित्सा केली, त्यांनीच कर्जावरील व्याजाचा दर ऋणकोच्या वर्णानुसार शेकडा दोन, तीन, चार आणि पाच असा चढता ठेवला, म्हणजे सर्वांत खालच्या मानलेल्या वर्णाला सर्वांत महाग पैसा दिला. अर्ध्या आण्याचे तिकीट चिकटवणाऱ्याची जात त्या तिकिटाला ठाऊक नव्हती, आणि ही गोष्ट कमी महत्त्वाची नाही. तेव्हा येथे स्मृतिवचने आदर्श समाजाची साक्ष म्हणून घेतलेली नसून विश्वास, मोबदला आणि सत्ता यांचे परस्परसंबंध तपासण्याची एक मोजपट्टी म्हणून घेतली आहेत.

ईस्ट इंडिया कंपनीचे टपाल आरंभी कंपनीच्याच कामापुरते होते. वॉरन हेस्टिंग्ज याने १७७४ मध्ये ते सर्वसामान्यांना खुले केले आणि शंभर मैलांना किमान दोन आणे असा दर लावला. (रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै, असा हिशेब होता.) त्याच्या आधी आणि नंतरही दळणवळणाच्या इतर वाटा होत्याच: मराठी दरबारांचे जासूद, कासीद आणि सांडणीस्वार राज्याचे खलिते नेत असत, तर सावकार आणि व्यापारी आपापल्या हुंड्या व बाजारभावाची पत्रे महाजनी डाकेने, म्हणजे स्वतः उभ्या केलेल्या खासगी हरकाऱ्यांकरवी पाठवीत असत. जासूद राजाचा होता, महाजनी डाक पेढीची होती. दोहोंतही नेणारा आणि पाठवणारा यांच्यात ओळखीचे किंवा आश्रयाचे नाते असे. १८३७ च्या टपाल कायद्याने कंपनीच्या मुलुखात मोबदला घेऊन पत्रे वाहण्याचा हक्क केवळ सरकारचा ठरवला आणि खासगी डाक बेकायदा झाली. या मक्तेदारीला ठेवलेले अपवाद लक्षणीय आहेत. १८९८ च्या कायद्यात ते स्पष्ट शब्दांत मांडलेले आढळतात: मित्राने भाडे न घेता नेलेले पत्र, स्वतःच्या कामासाठी मुद्दाम धाडलेल्या माणसाच्या हातचे पत्र आणि मालाबरोबर विनामोबदला दिलेले, केवळ त्या मालाविषयीचे पत्र हे मक्तेदारीबाहेर राहिले. स्नेहाने केलेली वाहतूक राज्याने मोकळी सोडली, आणि मोबदल्याचा स्पर्श झालेली तेवढी आपल्याकडे घेतली.

येथे विश्वासाच्या संकल्पनेवर एक ताण येतो. उपनिधीची सारी नीती या गृहीतावर उभी आहे की ठेवणारा माणूस ठेव कोणाकडे द्यायची हे निवडतो आणि त्या निवडीतून घेणाऱ्यावर ऋण येते. जिथे दुसरा वाहकच कायद्याने नाहीसा केला आहे, तिथे दिलेला लाखोटा हा विश्वास मानावा की निरुपाय, असा प्रश्न उरतो. मक्तेदारीच्या समर्थकांचे उत्तर असे होते की खासगी वाहक गजबजलेले आणि किफायतशीर मार्ग तेवढे उचलतील व आडवाटेची गावे पत्रावाचून राहतील. राज्यानेच सर्व मार्ग घेतले तर लाभाच्या मार्गावरची शिल्लक तोट्याच्या मार्गावर खर्चता येईल. हा युक्तिवाद आजही बळकट आहे, परंतु त्याचा तार्किक परिणाम त्याच्या समर्थकांनी पूर्णपणे स्वीकारला नाही. निवड काढून घेणाऱ्या वाहकाची जबाबदारी सामान्य वाहकापेक्षा वाढायला हवी, कारण ठेवणाऱ्याने सोडलेला सावधपणाही आता त्यालाच बाळगायचा असतो. प्रत्यक्षात मक्तेदारीबरोबर जबाबदारी घटत गेली.

१८३७ नंतरच्या दरांत अंतर हाच आधार होता. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचे, म्हणजे सुमारे साडेअकरा ग्रॅमचे पत्र धाडायला एक रुपया पडत असे, आणि एवढ्या पैशात त्या काळच्या मजुराचे कित्येक दिवस निभावत. १८५० मध्ये नेमलेल्या आयोगाच्या शिफारशींवरून १८५४ चा कायदा झाला, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून पाव तोळ्याच्या पत्राला अंतर कितीही असले तरी अर्धा आणा हा दर सर्वत्र लागू झाला. सिंधमध्ये बार्टल फ्रिअर याने १८५२ मध्येच अर्ध्या आण्याचे तिकीट काढून पाहिले होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने आपल्या कारकिर्दीचा आढावा घेताना पेशावरपासून कन्याकुमारीपर्यंत आणि आसामपासून कराचीपर्यंत एकाच क्षुल्लक दरात पत्र जाते, याचा मोठ्या अभिमानाने उल्लेख केला. त्या अभिमानाला आधार होता, हे मान्य करावे लागेल. एक तोळ्याचे जे पत्र रुपयाला जात होते ते आता दोन आण्यांना जाऊ लागले.

एकच दर सर्वांना लावणे न्याय्य का ठरते, याचे उत्तर इंग्लंडमध्ये रोलंड हिल याने १८३७ मध्ये दिले होते. त्याचा युक्तिवाद नीतीचा नव्हता, हिशेबाचा होता. लंडन ते एडिंबरो एवढ्या दूरच्या पत्राचा प्रत्यक्ष वाहतूकखर्च पेनीचा एक बारीकसा अंश भरतो, खरा खर्च पत्रे गोळा करणे, हशील (टपालाचा आकार) वसूल करणे, नोंदी ठेवणे आणि दारी पोचवणे यावर होतो, आणि तो खर्च जवळच्या व लांबच्या पत्राला सारखाच येतो; म्हणून दरही सारखाच असावा. समान खर्चाला समान मोल, एवढाच त्याचा न्याय होता. पण भारतात हे गणित जुळत नव्हते. १८५४ मध्ये रेल्वेचे काही तुकडेच सुरू झाले होते आणि टपाल मुख्यतः हरकाऱ्यांच्या पायांवर, घोड्यावर आणि गाडीतून टप्प्याटप्प्याने जात होते; घुंगुरकाठी घेऊन जंगलातून धावणाऱ्या माणसाच्या प्रत्येक टप्प्याला वेगळे वेतन द्यावे लागत असल्यामुळे अंतर हा खर्चाचा खराखुरा भाग होता. मुंबईतल्या एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाणारे पत्र आणि आसामच्या चहामळ्यात जाणारे पत्र यांच्या खर्चात जमीनअस्मानाचा फरक असूनही दर एकच होता. म्हणजे भारतातील अर्ध्या आण्याचे समर्थन हिलच्या हिशेबाने होऊ शकत नव्हते, त्याला दुसराच आधार हवा होता. तो आधार एकच संभवतो: जवळच्यांनी दूरच्यांचा भार उचलावा, कारण दोघेही एका समाजाचे घटक आहेत आणि दूर राहणे हा कोणाचा अपराध नव्हे.

वितरणाच्या न्यायाचा हा विचार मोठा आहे, आणि नेमकी तीच अडचण होती. परस्परांचा भार उचलण्याचे बंधन परस्परांशी नाते मानणाऱ्यांतच निर्माण होते. साम्राज्याच्या दृष्टीने मात्र पेशावरचा पठाण आणि रत्नागिरीचा कुळवाडी हे एकाच सत्तेचे दोन प्रजाजन होते, परस्परांचे कोणी नव्हते. समान हशिलाने गृहीत धरलेला समाज सरकारच्या कोणत्याही घटनात्मक कागदात अस्तित्वात नव्हता. राष्ट्रभावना टपालाने घडवली असे सरसकट विधान करण्याचा मोह येथे टाळलेला बरा. इतकेच म्हणता येते की ज्या नात्याचे हक्क द्यायला राज्यकर्ते तयार नव्हते, त्या नात्याची वर्गणी ते १८५४ पासून दरपत्रकात गोळा करीत होते.

ही वर्गणी पुरत होती की नाही, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. अ‍ॅडम स्मिथ याने १७७६ मध्ये टपाल हा सरकारांना बहुधा यशस्वीपणे चालवता आलेला एकमेव व्यापार असल्याचे म्हटले होते, कारण त्यात भांडवल फार गुंतत नाही आणि परतावा लगेच मिळतो. जॉन स्टुअर्ट मिल याने टपालातून मिळणारी माफक शिल्लक निर्दोष मानली, परंतु खर्चाहून बरेच जास्त हशील घेणे हा दळणवळणावरचा कर असून असा कर वाईट होय, असे बजावले. या दोघांच्याही विचारात खर्च आणि जमा या निश्चित राशी आहेत. भारतीय टपालात त्या निश्चित नव्हत्या. पोत्यांतील मजकुराचा फार मोठा भाग सरकारी कागदपत्रांचा होता. त्या कागदांचे हशील पुस्तकी जमा धरले तर खाते नफ्यात दिसे, न धरले तर तोट्यात. विलायतेचे टपाल नेणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांना द्यायच्या रकमेतला भारताचा वाटाही याच प्रकारचा होता, कारण त्या जहाजांची निकड व्यापारी कोठ्यांना आणि सचिवालयाला होती, परंतु बोजा भारतीय महसुलावर होता. नफा आणि तोटा हे येथे शोधून काढायचे सत्य नव्हते. कोणत्या रकमा कोणाच्या नावे लिहायच्या याविषयीचा तो निर्णय होता, आणि असा निर्णय नीतीच्या कक्षेत येतो.

याचे अधिक बोलके उदाहरण जिल्हा डाकेचे आहे. मोठ्या शहरांना जोडणारे मार्ग साम्राज्याच्या टपालखात्याकडे होते. तालुके आणि ठाणी यांना जोडणारी जिल्हा डाक मात्र मूळची पोलिसांच्या आणि महसुलाच्या कागदांसाठी होती, आणि बंगालसारख्या प्रांतांत तिचा खर्च जमीनदारांवरील डाकपट्टीतून काढला जाई. ही पट्टी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंद झाली. जमीनदारावरची पट्टी अखेर कुळाच्या पाठीवर उतरते हे उघड आहे, आणि १९०१ च्या जनगणनेनुसार शंभरांत पाच-सहा माणसेच साक्षर होती हेही लक्षात घेतले, म्हणजे पत्र कधीच न लिहिणाऱ्या माणसाने पत्र लिहिणाऱ्याचा खर्च उचलण्याची ही व्यवस्था होती हे ध्यानात येते. जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याच्या स्थितीवर लिहिताना लोकल फंडासारख्या पट्ट्यांवर हाच आक्षेप घेतला होता: घाम गाळणाऱ्यांकडून पैसा घ्यायचा आणि त्याचे फळ शिकलेल्या व नोकरीपेशाच्या वर्गाने खायचे. फुल्यांचा रोख टपालावर नव्हता, परंतु त्यांचा आक्षेप टपालाला जसाच्या तसा लागू पडतो.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर एक खर्च असा होता की जो टपालखात्याच्या कोणत्याही वहीत कधी आलाच नाही. गावचे सरकारी टपाल तालुक्याला पोचवणे, निरोप नेणे, अधिकाऱ्यांच्या दिमतीला हजर राहणे ही कामे वतनदार महाराकडे होती, आणि त्याचा मोबदला थोडीशी जमीन व गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते असा असे. बलुते न मिळाल्यास सरकार ते मिळवून देण्याची हमी घेत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता की काम सरकारचे, पण वेतनाची जबाबदारी मात्र रयतेच्या मर्जीवर टाकलेली, आणि कुटुंबातील कोणाही माणसाला दिवसाच्या कोणत्याही प्रहरी बोलावण्याचा हक्क सरकारकडे राखलेला. याज्ञवल्क्याच्या भाषेत सांगायचे तर येथे वाहक होता, ओझे होते, धनी होता, फक्त भाडे नव्हते. टपालखात्याचा अर्धा आणा आणि महाराचा फेरा या दोन वेगळ्या व्यवस्था होत्या, हे खरे. परंतु गावकामगारांचे टपाल फुकटात तालुक्याला पोचत होते म्हणूनच खेड्यापाड्यांतून सरकारी डाकेसाठी पगारी माणसे नेमावी लागत नव्हती, आणि स्वस्त टपालाची कीर्ती गाणाऱ्या अहवालांत या बचतीचा मागमूस नाही. गावोगावच्या शाखा शाळामास्तर, दुकानदार अशा माणसांकडे किरकोळ भत्त्यावर सोपवल्या जात, हीही काटकसरच होती; आणि जे टपालघर मास्तरच्या पडवीत वा वाण्याच्या ओसरीवर असे, तिथे तिकिटाला जात नसली तरी ओसरीला असे.

अर्ध्या आण्याच्या पुढे जाऊन १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. पोस्टकार्डाने विश्वासाच्या प्रश्नाला वेगळेच वळण दिले, कारण ते उघडे होते: पाव आणा वाचवायचा तर मजकूर वाटेतल्या कोणालाही वाचता येईल हे मान्य करावे लागे. गुप्ततेची किंमत प्रथमच आकड्यात मांडली गेली, आणि बहुसंख्यांनी उघडेपणा पत्करला. नाटपेड पत्राचा, म्हणजे हशील न भरता धाडलेल्या आणि घेणाऱ्याकडून दुप्पट वसूल करायच्या पत्राचा प्रकार याच्या विरुद्ध टोकाचा होता. तिथे राज्य आधी काम करून मागाहून पैसे मागत होते, आणि वरची खूण पाहूनच निरोप ओळखून पत्र नाकारणारे महाभाग ही बातमी फुकट मिळवत होते. विश्वासघात नेहमी वाहकाच्याच बाजूने होतो असे नाही, हे नमूद करणे न्यायाला धरून होईल.

पहिल्या महायुद्धानंतर तिजोरीत खड्डा पडला तेव्हा १९२२ मध्ये पाव आण्याचे कार्ड अर्ध्या आण्यावर आणि अर्ध्या आण्याचे पत्र एक आण्यावर गेले. त्याच अर्थसंकल्पात मिठावरील कर वाढवण्याचा प्रस्तावही होता, जो विधिमंडळाने नाकारला. मीठ ही जीवनावश्यक गोष्ट आणि पत्र ही सोय, असा भेद त्यामागे असावा; तो सर्वस्वी चुकीचाही नाही. परंतु मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या आणि घरची खबर कार्डावर मागवणाऱ्या कोकणी कामगाराच्या बाबतीत हा भेद धूसर होतो. १८८० पासून टपालखात्याकडे आलेल्या मनीऑर्डरीवर रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक घरांच्या चुली पेटत होत्या, आणि त्या घरांना पत्र व मीठ यांत निवड करायला सांगणे ही क्रूर थट्टा ठरली असती. याच दशकात खात्याचे हिशेब व्यापारी पद्धतीने ठेवण्यास सुरुवात झाली; खात्याने स्वतःच्या पायावर उभे राहावे हे तत्त्व शहाणपणाचे होते, पण मागची साठ-सत्तर वर्षे ज्यांनी ते पाय धरून ठेवले होते त्यांचे देणे व्यापारी हिशेबात कुठे बसत नव्हते.

आता विश्वासाच्या भंगाकडे वळता येते. १८९८ च्या कायद्याच्या सहाव्या कलमाने पत्र हरवणे, चुकीच्या हाती जाणे, उशीर होणे किंवा खराब होणे याबद्दल सरकारची जबाबदारी नाही, सरकारने स्पष्टपणे पत्करली असेल तेवढीच आहे, असे ठरवले. कर्मचारीही लबाडी किंवा जाणूनबुजून कसूर केल्याखेरीज जबाबदार नव्हता. ज्याला भरपाईची खात्री हवी त्याने विम्याचे जादा हशील भरावे, अशी सोय होती. याचा अर्थ असा की साध्या हशिलात वाहतूक मिळत होती, सांभाळण्याचे वचन मिळत नव्हते. ते वेगळे विकत घ्यावे लागे. अत्यल्प दरात कोट्यवधी पत्रे नेणाऱ्या खात्याला प्रत्येक हरवलेल्या पत्राचा दावा परवडणार नाही, हा बचाव व्यवहार्य आहे. तरीही मोबदला घेणाऱ्याला चोराची सबब नाही, हा प्राचीन नियम येथे पुरता उलटला गेला, आणि चोरीची भरपाई कोशातून करणारा राजा तर दृष्टीआड झाला.

याच कायद्याच्या सव्विसाव्या कलमाचे स्वरूप अधिक गंभीर आहे. सार्वजनिक आणीबाणी उद्भवल्यास, किंवा सार्वजनिक सुरक्षितता वा शांतता यांच्या हितासाठी, सरकारला कोणतेही टपाल अडवण्याचा अधिकार त्याने दिला. आणि अशी परिस्थिती होती की नाही याबद्दल वाद उपस्थित झाल्यास सरकारचे प्रमाणपत्र हाच निर्णायक पुरावा मानला जाईल, असेही लिहून ठेवले. १९१० च्या वृत्तपत्रविषयक कायद्याने टपाल रोखण्याच्या अधिकारांत भर घातली. महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या भारतीय सैनिकांची पत्रे सेन्सॉरच्या कचेरीत उघडून त्यांतील उतारे इंग्रजीत उतरवले गेले, आणि आज त्या सैनिकांच्या मनाचा जो काही ठाव लागतो तो बव्हंशी त्या उताऱ्यांमुळेच. इतिहासकाराला उपयोगी पडलेला हा विश्वासभंग नीतीच्या तराजूत त्यामुळे हलका होत नाही. स्मृतीने ठेव सांभाळणाऱ्याला राजाची सबब दिली होती, कारण राजा हा त्या दोघांच्या व्यवहाराबाहेरचा, प्रतिकार न करता येणारा तिसरा होता. टपालात ठेव सांभाळणारा आणि ती हिसकावणारा राजा एकच झाल्यावर ती सबब स्वतःच्या कृत्याला स्वतःच दिलेली माफी बनते, आणि ही शक्यता मिताक्षरेच्या चर्चेत कोणाला सुचलीही नव्हती, कारण तेव्हा राजा भाड्याने ओझी वाहत नव्हता.

वसाहतीच्या टपालाने विश्वास कधी पाळलाच नाही, असा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. १८८२ मध्ये टपालघरांत सुरू झालेल्या बचत बँकेची परीक्षा ऑगस्ट १९१४ मध्ये झाली. युद्धाच्या बातमीने घाबरलेल्या ठेवीदारांनी कोट्यवधी रुपये काढून घेतले, आणि सरकारने ते दिले. मागितल्याबरोबर ठेव परत करणे, हे निक्षेपाचे पहिले कर्तव्य तिथे पार पडले. लक्षात घेण्यासारखे हे की बचत बँकेत जमा झालेला पैसा हे सरकारचे कर्जच होते, त्यामुळे पत राखण्यात सरकारचा रोकडा स्वार्थ होता. बंद पत्र न उघडण्यात तसा कोणताही स्वार्थ नव्हता. तिथे विश्वास टिकणे सर्वस्वी राज्यकर्त्याच्या संयमावर अवलंबून होते.

स्वातंत्र्यानंतर हा कायदा तसाच पुढे चालला. अडवणुकीचे अधिकार वाढवणारे विधेयक १९८६ मध्ये संसदेने संमत केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. २०२३ च्या टपाल कायद्याने अखेर १८९८ चा कायदा रद्द केला आणि हा नवा कायदा जून २०२४ पासून अमलात आला. पत्रे वाहण्याची सरकारी मक्तेदारी त्यात उरलेली नाही, टपाल अडवण्याचा अधिकार मात्र आहे, आणि नियमांनी ठरवून दिल्याखेरीज खात्यावर भरपाईची जबाबदारी नाही ही तरतूदही आहे. निवड काढून घेतल्याबद्दल जी वाढीव जबाबदारी एकोणिसाव्या शतकात कधी पत्करली गेली नाही, तिचा प्रश्न आता उद्भवत नाही, कारण पाठवणारा हवे तर खासगी कुरिअरकडे जाऊ शकतो. परंतु भाडे घेणाऱ्या वाहकाचा जो साधा नियम कुरिअरवाल्याला लागू होतो, तो टपालखात्याला का लागू होऊ नये, या प्रश्नाचे उत्तर नव्या कायद्यातही दिलेले नाही.